छोटं सिव्हिल जेट ‘वॉरबर्ड’ आहे की नाही? विमानाचा सात-बारा काढायची पद्धत

आमच्या गावाकडे एकाची जुनी जीप होती. गाडी महिंद्राची, पण गड्याने तिला हिरवा रंग मारलेला, बॉनेटवर पांढरा तारा काढलेला, मागे जेरीकॅन लटकवलेला, आणि टपरीवर बसला की सांगायचा, मिलिटरीची आहे, लिलावात घेतली. एकदा कुणीतरी आरसी बुक मागितलं तर पहिला मालक निघाला एक दूध संघ! वर गंमत अशी की आपल्याकडे मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग हा संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, म्हणजे थापही मारली आणि चलानची पण सोय करून ठेवली.

छोट्या जेटच्या बाबतीत हाच प्रकार चालतो, फक्त रक्कम मोठी. वॉरबर्ड म्हणजे ढोबळमानाने लष्करातून निवृत्त झालेलं आणि आता खासगी माणसाच्या किंवा संस्थेच्या हातात असलेलं, बहुतेक वेळा अजून उडणारं विमान. स्पिटफायर, मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांबद्दल कुणी भांडत नाही. भांडण लागतं ते चार सीटच्या, नागरी नंबर लावलेल्या, पांढऱ्या रंगाच्या एखाद्या छोट्या जेटवरून, की हे बिझनेस जेट म्हणायचं का वॉरबर्ड. एअरशोचे फोटो बघताना, स्केल मॉडेल बनवताना, किंवा अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या हौशी मित्राने विक्रीची जाहिरात पाठवून "हे घेऊ का रे" विचारलं की हा प्रश्न येतोच. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम खाली देतोय. उदाहरणं बहुतेक अमेरिका, फ्रान्स, ब्रिटनची आहेत कारण हा शौक तिकडचाच, आपल्याकडे खासगी लष्करी जेट पाळणं हा प्रकार जवळजवळ नाहीच.

आधी हे ठरवा की विचारतंय कोण

वॉरबर्ड हा शब्द कुठल्याही विमानाच्या सर्टिफिकेटवर छापलेला नसतो. अमेरिकेची एफएए, म्हणजे तिकडचं नागरी विमानांचं सरकारी खातं, विमानाला स्टँडर्ड, लिमिटेड, एक्सपेरिमेंटल अशा खात्यांत टाकते, वॉरबर्ड नावाचं खातं नाही. ब्रिटनमध्ये ‘परमिट टू फ्लाय’ या खास परवान्यावर उडणारी माजी लष्करी विमानं असा प्रकार आहे आणि त्यांच्यासाठी सीएएचं (तिकडची एफएए) कॅप ६३२ नावाचं वेगळं पुस्तकच आहे. म्हणजे सरकारला हे विमान कुठल्या नियमाखाली उडतं यात रस असतो, एअरशोवाल्यांना ते कुठल्या रांगेत उभं करायचं यात, विमा कंपनीला ते पडलं तर काय यात, आणि आपल्यासारख्या विमानवेड्यांना त्याने खरंच वर्दी घातली होती का यात. चौघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर जुलैत ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेचा जो अवाढव्य मेळा भरतो तिथे वॉरबर्डवाल्यांचं मैदान वेगळं असतं आणि तिथे लष्करी घराण्यातल्या विमानाला जागा देताना हात बराच सैल असतो. त्यामुळे "मी ऑशकॉशला वॉरबर्डच्या रांगेत बघितलंय" हा पुरावा म्हणून फार धरू नका. लग्नात वरपक्षाच्या पंगतीत बसला म्हणून माणूस वरपक्षाचा होत नाही.

मग मॉडेलचं कूळ काढा

इथे मी चार कप्पे करतो.

पहिला कप्पा, सैन्यासाठीच जन्मलेली. चेकोस्लोव्हाकियाचं एल-३९ अल्बाट्रॉस (पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६८), त्याच्या आधीचं एल-२९ डेल्फिन, ब्रिटिश जेट प्रोव्होस्ट आणि त्याचा शस्त्रधारी भाऊ स्ट्राइकमास्टर, फ्रेंच फूगा मॅजिस्टर, आणि आपल्या हवाई दलामुळे ओळखीचं झालेलं फॉलंड नॅट. यांच्यावर आज नागरी नंबर दिसला तरी कुळाबद्दल शंका नाही.

दुसरा कप्पा सगळ्यात मजेशीर, दोन्ही दगडांवर पाय ठेवून जन्मलेली. याच्यावर थोडं थांबतो कारण मूळ प्रश्न इथूनच येतो.

फ्रान्सच्या मोरान-सोल्निए कंपनीने १९५३ साली एमएस ७५५ फ्लरे नावाचं दोन सीटचं ट्रेनर जेट उडवलं. फ्रेंच हवाई दलाच्या निवडीत ते फूगा मॅजिस्टरपुढे हरलं. आता फ्लरेमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसायचे, म्हणजे धड आधीच रुंद होतं, तर कंपनीने मागे अजून दोन सीट टाकल्या आणि २९ जुलै १९५४ ला एमएस ७६० पॅरिस उडालं. नापास झालेल्या पोराने दुसऱ्या कॉलेजात नाव काढावं तसं झालं. फ्रेंच हवाई दल आणि नौदलाने ते माणसं ने-आण करायला आणि ट्रेनिंगला घेतलं, ब्राझीलने घेतलं, अर्जेंटिनाने कोर्दोबाच्या कारखान्यात जुळवून घेतलं आणि पार २००७ पर्यंत वापरलं. त्याच वेळी १९५५ मध्ये अमेरिकेच्या बीचक्राफ्टने करार करून तेच विमान तिकडच्या उद्योगपतींना दाखवत फिरवलं, की बघा साहेब, तुमचं स्वतःचं जेट. फार खपलं नाही ते. दरवाजाच नाही त्याला! काचेची कॅनोपी मागे सरकवायची आणि कडेवरून पाय टाकून आत उतरायचं. सूट घातलेला कंपनीचा चेअरमन पावसात पंखावर चढून आत उतरतोय हे चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे का खपलं नाही ते कळेल. १९६४ मध्ये सहा सीटचं पॅरिस ३ पण करून बघितलं, एकच बनलं. तोवर लिअरजेट आलं होतं आणि खेळ संपला होता.

तर पॅरिस हे एकच मॉडेल एकीकडे नाकात मशीनगन बसवता येणारं लष्करी विमान आणि दुसरीकडे इराणच्या शहासारख्या गिऱ्हाइकाचं खासगी वाहन. स्वीडनचं साब १०५ (१९६३) पण असंच, शेजारी-शेजारी बसायचं ट्रेनर, पण इजेक्शन सीट काढून चार साध्या सीट टाकायची सोय पहिल्यापासून ठेवलेली. नॉर्थ अमेरिकनचं सेबरलाइनर (पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८) अमेरिकन हवाई दलाला छोटं जेट हवंय म्हणून बनलं, तिथे टी-३९ झालं आणि कंपन्यांना सेबरलाइनर म्हणून विकलं गेलं. लॉकहीडचं जेटस्टार पण त्याच पिढीतलं.

तिसरा कप्पा, नागरी घरात जन्मून नंतर नोकरीला लागलेली. लिअरजेट ३५ ए अमेरिकन हवाई दलात १९८४ पासून सी-२१ ए झालं, सेस्ना सिटेशनची खास आवृत्ती टी-४७ ए या नावाने अमेरिकन नौदलाने रडार शिकवायला वापरली, बीचजेट ४०० वरून टी-१ ए जेहॉक ट्रेनर निघालं.

आणि चौथा कप्पा, नुसतं दिसणारी. बीडी-५ जे, म्हणजे ते घरी जुळवायचं एका सीटचं चिमुकलं जेट. एटीजी जॅव्हेलिन, जे २००५ मध्ये उडालं, दिसायला थेट फायटरचं पिल्लू, पण २००८ ला कंपनीच बुडाली.

हे कप्पे केले की निम्मं काम होतं, पण निम्मंच. जास्तीत जास्त लोक इथेच थांबतात आणि "पॅरिस वॉरबर्ड आहे" किंवा "लिअरजेट वॉरबर्ड नाही" असं मॉडेलवरून बोलून टाकतात. जीपवाला पण हेच करत होता ना, जीप हे मॉडेल मिलिटरीत होतं हे खरंच होतं.

आता त्या एका विमानाचा सात-बारा

माझ्या मते अख्ख्या प्रकरणात निर्णायक हीच पायरी. मॉडेल नाही, समोर उभं असलेलं ते एक विमान. जमीन घेताना गावाची कीर्ती बघून कुणी पैसे देत नाही, गट नंबर बघतो, सात-बारा बघतो, फेरफार बघतो. इथे गट नंबर म्हणजे कारखान्याचा सीरियल नंबर.

तो कसा मिळवायचा? फोटोत किंवा जाहिरातीत नागरी नंबर दिसतोच, अमेरिकेत एन ने सुरू होणारा, ब्रिटनमध्ये जी ने, फ्रान्समध्ये एफ ने. अमेरिकेची एफएए आणि ब्रिटनची सीएए दोघांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून नोंद बघता येते, फुकट. तिथे बनवणारी कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, बनल्याचं साल असं मिळतं. मालकाचं नाव पण दिसतं बऱ्याचदा, त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही, सीरियल नंबर वहीत लिहा आणि पुढे चला.

मग हा सीरियल नंबर लष्करी नोंदीशी जुळवायचा. अमेरिकन हवाई दलाच्या नंबरात पहिले दोन आकडे म्हणजे ज्या आर्थिक वर्षात ऑर्डर दिली ते वर्ष, म्हणजे ६२ ने सुरू होणारा नंबर १९६२ च्या ऑर्डरचा. शेपटीवर लिहिताना यातला दशकाचा आकडा गाळतात, म्हणून ६२-४४४८ हे शेपटीवर २४४४८ असं दिसतं, हे माहीत नसेल तर दोन तास शोधत बसाल (मी बसलोय). ब्रिटिशांचा नंबर दोन अक्षरं आणि तीन आकडे असा. फ्रेंच लोक बऱ्याचदा कारखान्याचाच नंबर सैन्यात चालवतात, त्यामुळे तिकडचं पॅरिस शोधणं त्या मानाने सोपं.

विमान प्रत्यक्ष बघायला मिळत असेल तर डेटा प्लेट बघा, म्हणजे कंपनीची ती धातूची पट्टी. तिच्यावरचा नंबर, लॉगबुकातला नंबर आणि रजिस्टरमधला नंबर तिन्ही एकच हवेत. दोन विमानांचे अवशेष जोडून एक उभं केलं असेल तर ओळख कुणाची धरायची हा वाद निघतो, त्यात धड कुणाचं ते विचारा, पंख आणि इंजिन बदलली जातातच. आणि लॉगबुक सलग आहे का बघा. मधली आठ-दहा वर्षं गायब असतील तर ते फेरफार नसलेल्या जमिनीसारखं, विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

या पायरीवर दोन उदाहरणं सांगतो म्हणजे मॉडेल आणि विमान यातला फरक डोक्यात पक्का बसेल.

वर जो ६२-४४४८ नंबर लिहिला तो उगाच नाही घेतला. ते टी-३९ होतं, दिसायला कंपनीच्या साहेबाचं जेट. २८ जानेवारी १९६४ ला ट्रेनिंगच्या उड्डाणात ते पूर्व जर्मनीच्या हद्दीत शिरलं आणि एर्फुर्टच्या भागात सोव्हिएत मिगने ते पाडलं, तिघंही गेले. दुसरं अर्जेंटिनाचं. फॉकलंडच्या युद्धात त्यांच्या हवाई दलाचं एक लिअरजेट ३५ ए टेहळणीवर होतं, ७ जून १९८२ ला ब्रिटिशांच्या एचएमएस एक्झेटर जहाजाने सी डार्ट मिसाइलने ते पाडलं, आतले पाचही जण गेले. आता सांगा, लिअरजेट हे ‘मॉडेल’ बघून वॉरबर्ड नाही म्हणणाऱ्याला त्या एका विमानाबद्दल काय म्हणायचंय? आणि उलट बाजूने, बीचक्राफ्टच्या मार्फत थेट एखाद्या कारखानदाराकडे गेलेलं पॅरिस, ज्याने आयुष्यभर गोल्फ खेळणारी माणसं वाहिली, त्याला मी वॉरबर्ड का म्हणू?

आपल्याकडे हे बघायचं असेल तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सगळे जण सी हॅरियर आणि सी हॉकसमोर फोटो काढतात. पण तिथे बाहेर उभं असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन बघा, ते प्रवासी विमान, आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, मग नौदलाचं. आणि शॉर्ट सीलँड, जे मुळात नागरी बाजारासाठी बनवलेलं पाण्यावर उतरणारं छोटं विमान, पण आपल्या नौदलाच्या विमानदलाची सुरुवात १९५३ ला त्याच्यापासून झाली. दोन्ही जेट नाहीत, मान्य, पण तर्क तोच. त्या दोघांना तिथे उभं राहायचा हक्क मॉडेलने नाही दिला, नोकरीने दिला.

कागद: पांढरा का गुलाबी

अमेरिकेतलं विमान असेल तर ही पायरी फार उपयोगी आहे आणि पाच मिनिटांत होते. स्टँडर्ड एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याचा दाखला, पांढऱ्या कागदावर असतं, स्पेशल असेल (लिमिटेड, एक्सपेरिमेंटल यातच येतात) तर गुलाबी. कॉकपिटमध्ये किंवा केबिनमध्ये ते दिसेल असं ठेवावं लागतं. शिवाय एक्सपेरिमेंटल विमान असेल तर चढायच्या जागेजवळ तो शब्द किमान दोन आणि जास्तीत जास्त सहा इंच उंच अक्षरांत लिहावाच लागतो, लिमिटेडचं पण तसंच, त्यामुळे नीट फोटो असेल तर घरबसल्या पण कळतं.

पण इथे एक मोठा खड्डा आहे. नुसतं एक्सपेरिमेंटल वाचून उड्या मारू नका. घरी बनवलेलं बीडी-५ जे सुद्धा एक्सपेरिमेंटल आणि माजी चेक हवाई दलाचं एल-३९ सुद्धा एक्सपेरिमेंटलच! फरक पुढच्या ओळीत असतो, कशासाठी एक्सपेरिमेंटल. माजी लष्करी जेट बहुतेक वेळा ‘एक्झिबिशन’ म्हणजे प्रदर्शनासाठी या कारणाखाली असतं, घरचं विमान ‘अमॅच्युअर-बिल्ट’खाली. कागदावर कारण वाचा.

उलटा खड्डा पण आहे. पॅरिसला अमेरिकेत नागरी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे अख्ख्या मॉडेलची मंजुरी, मिळालेलं होतं, त्यामुळे फ्रेंच हवाई दलात राबलेलं एखादं पॅरिस तिकडे पांढऱ्या कागदावर साध्या विमानासारखं उडू शकतं. सेबरलाइनरला पण नागरी सर्टिफिकेट आहेच. म्हणजे गुलाबी कागद नाही म्हणून वॉरबर्ड नाही असं होत नाही. कागद फक्त एवढंच सांगतो की आज ते कुठल्या नियमात उडतंय. मालकाच्या दृष्टीने मात्र हा फरक जमीन-अस्मानाचा, कारण एक्झिबिशनवाल्याला आपला कार्यक्रम एफएएला कळवावा लागतो, ठरवून दिलेल्या मर्यादांत उडावं लागतं, पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत (त्यासाठी वेगळी सूट काढावी लागते), आणि वैमानिकाकडे त्या मॉडेलची वेगळी परवानगी लागते.

अंगावरच्या खुणा, आणि त्यातले चकवे

लोकांना हीच पायरी सगळ्यात आवडते, मी हिला मुद्दाम मागे ठेवलंय.

इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर उडवणारी सीट. "इजेक्शन सीट आहे म्हणजे फायटर" असं एक डोक्यात बसलेलं असतं. एल-३९, जेट प्रोव्होस्ट, नॅट यांना आहे. पण फूगा मॅजिस्टरला नव्हतीच, आणि तरी इस्रायलने १९६७ च्या युद्धात फूगा जमिनीवरच्या हल्ल्यांना वापरली. ज्या विमानाने खरी लढाई केली त्याला सीट नाही, त्यामुळे ही कसोटी तिथेच बाद. पॅरिसला पण नाही. आणि खासगी हातातल्या विमानात सीट असली तरी तिच्यातला दारूगोळा जिवंत आहे का काढून टाकलाय हे विचारल्याशिवाय आत पाय सुद्धा टाकू नका, ही गंमत नाही, जमिनीवर उभ्या विमानातली सीट उडाली तर माणूस जातो.

इंजिन. इथे जाणकार माणसं पण घसरतात. "इंजिन लष्करी आहे" हे वाक्य विक्रेत्यांचं फार लाडकं. पॅरिसची दोन टर्बोमेका मार्बोरे इंजिनं (प्रत्येकी साधारण ४०० किलो जोर), तीच फूगावर, आणि त्याचीच अमेरिकेत परवान्याने बनलेली आवृत्ती जे-६९ ही सेस्नाच्या टी-३७ ट्रेनरवर, ज्याच्या कान फाडणाऱ्या शिट्टीमुळे त्याला ‘कुत्र्याची शिट्टी’ म्हणायचे. पण मग पहिल्या लिअरजेटचं सीजे-६१० इंजिन पण एफ-५ फायटरच्या जे-८५ चंच नागरी रूप! जेटस्टारच्या पहिल्या नमुन्यांवर दोन ऑर्फियस इंजिनं होती, तेच घराणं जे आपल्या नॅटवर आणि एचएफ-२४ मारुतवर. इंजिनावरून ठरवायला गेलात तर साठच्या दशकातलं जवळजवळ प्रत्येक छोटं जेट वॉरबर्ड निघेल. पंखाचं पण तेच, लिअरजेटच्या पंखाची कल्पना स्विस पी-१६ या रद्द झालेल्या लढाऊ विमानावरून आलेली, म्हणून लिअरजेट २३ लढाऊ होत नाही. आजोबा पैलवान होते म्हणून नातू आखाड्यात उतरला असं थोडंच आहे.

हार्डपॉइंट म्हणजे पंखाखाली वजन लटकवायच्या जागा, नाकातली मशीनगनची झाकणं, गनसाइटचा (नेम धरायच्या यंत्राचा) पाया, ऑक्सिजनची लष्करी जोडणी, रेडिओच्या पॅनलवर बुजवलेल्या मोकळ्या जागा. या खुणा बऱ्या, कारण नुसत्या दिखाव्यासाठी कुणी धडाच्या सांगाड्यात मजबुती घालत बसत नाही. झाकण उघडून आत बघा, बाहेरून चिकटवलेला नुसता पायलॉन (वजन लटकवायचा खांब) आणि आतून जोडलेला पायलॉन यातला फरक मेकॅनिक एका नजरेत सांगतो. पण खुणा नसल्या तर? अमेरिका आपली निवृत्त लढाऊ विमानं सहसा धडधाकट सोडत नाही, कापून निकामी करूनच देते, म्हणून तिकडे उडणाऱ्या टी-३३ या जुन्या ट्रेनर जेटमध्ये कॅनडात बनलेली सिल्व्हर स्टार बरीच दिसतात. बाहेरच्या देशातून आणलेल्या विमानाची पण शस्त्रं, साइट काढूनच आयात होते. म्हणजे खुणा नसणं हे कधीकधी खरेपणाचंच लक्षण.

रंग. यावर दोनच ओळी. रंग हा पुरावा नाही. आणि नागरी नंबर ‘दिसत नाही’ हा सुद्धा पुरावा नाही, कारण अमेरिकेत किमान तीस वर्षं जुन्या छोट्या विमानाला नंबर फक्त दोन इंच उंचीत लिहायची मुभा आहे, तो शेपटीखाली कुठेतरी बारीक असतो, आणि ब्रिटनमध्ये परवानगी काढून जुना लष्करी नंबर लावून उडता येतं. रंगावरून विचारायचा प्रश्न एकच, हा रंग याच विमानाचा होता का? फ्रेंच विमानाला अमेरिकन नौदलाचा रंग दिला असेल तर ते विमान सच्चं आणि पोशाख नाटकातला असं समजा.

नोकरी संपली आहे का

हे कुणी विचारतच नाही. वॉरबर्डला निवृत्ती लागते. जर्मनीत जीएफडी नावाची कंपनी नागरी लिअरजेट घेऊन सैन्याच्या सरावासाठी लक्ष्य ओढायचं काम करते, ब्रिटनमध्ये नागरी नंबरची फाल्कन २० बिझनेस जेटं पंखाखाली उपकरणांचे पॉड लावून हवाई दलाला सराव द्यायची. बीडी-५ जे पण अमेरिकेत सैन्याच्या सरावात क्रूझ मिसाइलची सोंगाडी म्हणून उडालंय. ही सगळी कंत्राटी नोकरी. काम चालू असताना त्याला वॉरबर्ड म्हणणं म्हणजे ड्युटीवरच्या हवालदाराला माजी सैनिक म्हणण्यासारखं. पुढे कधी ते रिटायर होऊन एखाद्या हौशी माणसाने जपलं तर मी निदान ऐकून घेईन, पण वर्दी न घालता केलेलं काम मी अर्ध्या गुणांचंच धरतो. याच्यावर माझं आणि एका मित्राचं अजून पटलेलं नाही, तो म्हणतो गोळी झेलायला उभं राहिलं की झालं, कागद कुणाचे का असेनात.

माझे निकाल

एल-३९, ज्याच्या लॉगबुकात हवाई दलाच्या नोंदी आहेत: हो, चर्चा नको. खासगी जेट वॉरबर्डमध्ये हेच सगळ्यात जास्त दिसतं.

पॅरिस, फ्रेंच किंवा अर्जेंटिनाच्या सेवेतलं: हो, आणि माझं सगळ्यात लाडकं, कारण बघणाऱ्याला पटत नाही. पॅरिस, नवं कोरं असल्यापासून नागरी: मॉडेल लष्करी घराण्यातलं, विमान नाही. रांगेत उभं राहू दे, पाटीवर खरं लिहावं.

टी-३९ म्हणून राबलेलं सेबरलाइनर: हो. थेट कंपनीला विकलेलं सेबरलाइनर: नाही, भले दोघांत बाहेरून फरक ओळखू येत नसला.

लिअरजेट: नंबर दाखवा मग बोलू. सी-२१ म्हणून सेवा झालेली असेल तर तत्त्वतः हो, पण लोकांच्या गळी उतरायला अजून बरीच वर्षं जातील.

साब १०५, स्वीडिश हवाई दलातलं: हो, आत चार साध्या सीट असल्या तरी.

बीडी-५ जे, जॅव्हेलिन: नाही. छान आहेत, पण नाही.

सेस्ना ४०७: टी-३७ वरून चार सीटचं नागरी जेट काढायचा सेस्नाचा बेत होता, लाकडी नमुन्याच्या पुढे गेलाच नाही. हे इथे फक्त यासाठी लिहिलंय की कुणी तुम्हाला विकायला आणलं तर उठून चालायला लागा.

खरंच घ्यायचं म्हणत असाल तर

वॉरबर्ड ठरणं ही नुसती मिरवायची गोष्ट नाही, त्याच्यामागे जबाबदारी येते. २२ ऑगस्ट २०१५ ला ब्रिटनमध्ये शोरहॅमच्या एअरशोत हॉकर हंटर हे माजी लढाऊ जेट लूप (हवेतलं उभं वर्तुळ) पूर्ण न होता रस्त्यावर कोसळलं, खाली रस्त्यावरचे ११ जण गेले, आणि त्यानंतर तिथे माजी लष्करी जेटना जमिनीच्या वर (समुद्रावर नव्हे) कसरती बंद करून नुसत्या फ्लायपास्टवर, म्हणजे सरळ उडत जाण्यावर, आणून ठेवलं. तेव्हा विमान कुठल्या देशात ठेवणार आणि तिथे त्याला काय करायची मुभा आहे हे आधी, किंमत नंतर. मार्बोरेसारख्या जुन्या इंजिनाला किती तास उरलेत, त्याला हात लावणारा मेकॅनिक तुमच्या विमानतळापासून किती लांब आहे, सुटे भाग कुठल्या दुसऱ्या विमानातून काढावे लागतील, सीटच्या दारूगोळ्याची मुदत कधी संपते, हे लिहून घ्या. पॅरिसवाल्याला फूगाचं इंजिन ओळखणारा माणूस चालतो, एवढा एक फायदा.

आणि विक्रेत्याला पहिला फोन कराल तेव्हा "कुठल्या हवाई दलाचं आहे" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे पाठ असतं. विचारा की डेटा प्लेटवरचा नंबर काय, आणि पहिल्या लॉगबुकच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवता का. फोटो त्याच दिवशी आला तर पुढचं बोला. "अहो ते जुनं पुस्तक शोधावं लागेल, पण रंग बघा ना काय झक्कास आहे" असं ऐकू आलं, तर मला आमच्या गावची जीप आठवते.